तुमची ओढ कशाकडे आहे? फसलेल्या फोटोंचा ढीग उपसून बघा

काजवा (धागाकर्ता)

कॅमेरा हातात येऊन सहा-आठ महिने झाले की बहुतेक हौशी मंडळी एकाच जागी अडतात. फुलं काढून झाली, सूर्यास्त झाले, घरातली माणसं झाली, आता पुढे काय? इथेच नवी लेन्स घ्यायची खाज सुटते. त्याआधी एक काम करून बघा. एक सुट्टीचा दिवस पुरतो.

वर्षभरातले सगळे फोटो एका फोल्डरात आणा, फोनमधलेसुद्धा. ८००-१००० तरी हवेत, दोनशेंवरून काही कळत नाही. चाळायला डिजिकॅम किंवा डार्कटेबल घ्या, दोन्ही मोफत आहेत. बिघडलेले फोटो तिथल्या तिथे उडवायची सवय असेल तर ती आजपासून बंद, कारण या कामाला नेमके तेच लागतात.

पहिल्या फेरीत रेटिंगचे तारे-बिरे देत बसू नका. फक्त विषयाची लेबलं लावा: माणसं, पक्षी, किडे, इमारती, रस्ता, झाडं-डोंगर, वस्तू, रात्र. मग प्रत्येक ढिगाचे दोन आकडे लिहा: एकूण किती, आणि पुन्हा बघावेसे वाटणारे किती.

समजा सूर्यास्ताचे ६० निघाले, त्यातले २० देखणे. किड्यांचे १४०, त्यातले धड ३. यावरून 'आपल्याला निसर्गदृश्यं जमतात' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. माझं मत नेमकं उलट आहे. १३७ वेळा हात पोळूनही माणूस पुन्हा गवतात गुडघे टेकतो, तेव्हा ओढ तिथेच असते. कमी पडतंय ते तंत्र, आणि ते शिकता येतं. सूर्यास्ताचं निम्मं काम सूर्यच करून देतो.

दुसरी फेरी फोकल लेंग्थची (लेन्सवरचा एमएममधला आकडा: लहान असेल तर दृश्य रुंद, मोठा असेल तर लांबचं जवळ). प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फोटोसोबत लिहून ठेवतो ती नोंद) ती असते, दोन्ही सॉफ्टवेअरात त्यानुसार गाळता येतं. १८-५५ किट लेन्सचे (कॅमेऱ्यासोबत येते ती झूम लेन्स) फोटो बहुधा दोन्ही टोकांना साचतात. १८ वर गर्दी दिसली म्हणून लगेच 'वाइड अँगलची आवड' ठरवू नका. फोटोच्या कडांना रिकामी जमीन आणि रिकामं आकाश पसरलेलं असेल तर तो चार पावलं पुढे न जाण्याचा परिणाम आहे. ५५ वर गर्दी असेल आणि विषय मधोमध पिटुकला दिसत असेल, तर तिथे लेन्स खरोखर अपुरी पडली आहे. लांब लेन्सचा विचार करायला हे एक कारण मला मान्य आहे.

वेळही बघा. सगळे फोटो दुपारी ११ ते ३ मधले निघाले तर निम्म्या तक्रारी उन्हाच्या आहेत, कॅमेऱ्याच्या नाहीत.

एक सावधगिरी: फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ठरलेली असते (फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबाने साधारण २४-२६ एमएम), त्यामुळे ते फोटो या दुसऱ्या फेरीतून वगळा.

ढिगांचे आकडे इथे टाका. का फसले ते मिळून बघू.

पाऊणचंद्र

कल्पना पटली. पण १३७ का फसले हे ओळखायचं कसं? पडद्यावर तर सगळे सारखेच धूसर दिसतात.

तिपाई

सारखे दिसतात, सारखे नसतात. फोटो १०० टक्के मोठा करा आणि तीन गोष्टी शोधा.

सगळी फ्रेम एकाच दिशेला पुसल्यासारखी आहे का? चमकणारे ठिपके बघा: पानावरचा थेंब, डोळ्यातला प्रकाश, लांबचा दिवा. ठिपक्याची रेघ झाली असेल तर कॅमेरा हलला. जुना ठोकताळा असा की शटरस्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं तो सेकंदाचा अंश) १/फोकल लेंग्थपेक्षा हळू नको, आणि एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर असेल तर आधी १.५ ने गुणा (कॅननवर १.६). ५५ एमएमला ८२ येतात, म्हणजे १/१००. २०० एमएमला १/३२०. पण हा नियम फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर तपासणार असाल तर दुप्पट वेग धरा. शटरचं बटण ठोसा मारल्यासारखं दाबू नका, आधी अर्धं आणि मग बोटाच्या पेरानेच पुढे. कोपरं बरगड्यांना टेकलेली हवीत.

मागची भिंत खणखणीत, पण माणूस किंवा पक्षी पुसलेला? मग विषय हलला. इथे स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही, आणि हे न कळल्यामुळे पुष्कळ लोक लेन्सला दोष देतात. बोलत बसलेल्या माणसाला १/१२५ ते १/१६०, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या पोराला १/५०० ते १/१०००, उडत्या पक्ष्याला १/१६०० पासून पुढे.

तिसरा प्रकार: काहीतरी कुठेतरी खणखणीत आहे, पण हवं ते नाही. डोळ्याऐवजी कान, किड्याऐवजी मागचं पान. हा फोकस चुकला. आकडा डोक्यात ठेवा: एपीएस-सीवर ५० एमएम, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ/१.८, माणूस दीड मीटरवर असेल तर स्पष्ट पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतरच त्याहून जास्त. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवली तर तेवढ्यातच पट्टा सरकतो. फोकसचा बिंदू डोळ्यावर न्या, किंवा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो लावा, आणि एफ/२.८ वर या.

कशावरच फोकस नाही, लेन्स नुसती पुढे-मागे घरघरते? तुम्ही फार जवळ गेलात. किट लेन्सचं किमान अंतर साधारण २५-२८ सेंटिमीटर असतं आणि ते लेन्सच्या तोंडापासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलातून आरपार रेघ गेलेली खूण असते, ती सेन्सरची जागा.

आता १३७ फोटोंचे हे तीन ढीग करा. शंभराच्या वर एकाच ढिगात जातील, पैज लावतो.

दवबिंदू

तिपाई यांना +१. जोडीला एवढंच: अंधुक प्रकाशात कॅमेरा गुपचूप १/३० वर जातो आणि 'हललेले' ढीग तयार होतात. उपाय मेनूत आहे. मोड ए (कॅननवर एव्ही; ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) चालू, कमाल आयएसओ ६४००, किमान शटरस्पीड १/२५०. मग तुम्ही फक्त ॲपर्चर बघा. काही साध्या मॉडेलांत किमान शटर ठरवायची सोयच नसते, तिथे सरळ एस (कॅननवर टीव्ही) मोड लावा आणि १/२५० स्वतः द्या. दाणेदार फोटो नंतर थोडाफार सावरता येतो, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

जुनी_रीळ

हे सगळं ठीक, पण ऑटो आयएसओ आणि ए मोडच्या कुबड्या घेऊन कुणी शिकत नसतं. सहा महिने पूर्ण मॅन्युअल. प्रकाश डोळ्याने मोजायला यायला हवा. भर उन्हात एफ/१६ आणि शटर १/आयएसओ: आयएसओ १०० ला १/१००, नाहीतर १/१२५. पातळ ढग आले की एफ/११, चांगलेच ढग असतील तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/४. हे पाठ असलं की मीटर (कॅमेऱ्यातला प्रकाशमापक) बंद पडला तरी अडत नाही.

दवबिंदू

तक्ता सोन्यासारखा आहे, पाठ करावाच. पण ढगांआडून ऊन येत-जात असताना मॅन्युअलची चाकं फिरवत बसणारा माणूस समोरचा क्षण घालवतो. आणि मीटरची सुई मध्यावर येईपर्यंत चाक फिरवणं म्हणजे कॅमेरा जे करणार होता तेच हाताने, सावकाश करणं. त्यात शिकण्यासारखं काय?

मॅन्युअल खरोखर लागतं तिथे लावू: फ्लॅश, पॅनोरमाचे जोडायचे तुकडे, तारे, आणि प्रकाश बदलत नाही पण पार्श्वभूमी बदलत राहते अशी रंगमंचासारखी जागा. बाकी वेळी ए मोड आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं चाक (+ केलं की फोटो उजळ, - केलं की गडद).

काजवा

दोघांचंही घ्या: तक्ता जुनी_रीळ यांचा, मोड दवबिंदूंचा. वाद पुढच्या पानावर नको. :)

उंबरठा

कॉम्पेन्सेशनचा विषय निघालाच आहे तर, कारण 'फिके' आणि 'काळवंडलेले' फोटो हा चौथा ढीग आहे.

मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. तो फ्रेमची सरासरी एका मध्यम करड्या छटेवर आणतो. पांढरी भिंत समोर आली की तिला करडी करतो, म्हणून धुकं, बर्फ, पांढरे कपडे मळकट येतात. तिथे +१ ते +१.७ द्या. काळं मांजर काळ्या सोफ्यावर असेल तर तो मांजराला करडं करायला जातो, तिथे -१. रात्रीच्या रस्त्यावर अंधार जास्त असतो, म्हणून कॅमेरा उजळवत नेतो आणि पाट्यांवरची अक्षरं जळून पांढरी होतात. -१ ते -२ शिवाय तिथे गत्यंतर नाही.

पौर्णिमेचा चंद्र हा याच चुकीचा सगळ्यात मोठा बळी. काळ्या आभाळात पांढरी थाळी येते. चंद्रावर खरं तर ऊन पडलेलं असतं, म्हणून जवळजवळ उन्हाचंच एक्स्पोजर द्यायचं: एफ/११, शटर १/आयएसओ. किंवा तोच प्रकाश एफ/८, १/२००, आयएसओ १०० असा. चंद्र अगदी क्षितिजाशी तांबूस असताना दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त लागतात.

मागच्या पडद्याच्या उजेडावर विश्वास ठेवू नका. रात्री तो भगभगीत वाटतो आणि फोटो उगाच उजळ भासतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, आणि जळलेला भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवा. सूर्याचं बिंब किंवा दिव्याचा बल्ब लुकलुकला तर हरकत नाही. कपाळ, ढग, पांढरा सदरा लुकलुकला तर एक तृतीयांश स्टॉपने खाली या.

गल्लीबोळ

फोनवाल्यांना या धाग्यात जागा आहे का?

दवबिंदू

आहे की. चार गोष्टी: लेन्स पुसा (बऱ्याच 'धुकट' फोटोंचं कारण बोटांचं तेल असतं). पडद्यावर विषयावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. चेहरा जवळून काढला तर नाक फुगतं, आणि तो दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. दीड मीटर मागे जा आणि २एक्स वापरा. रात्रीचा मोड अनेक फ्रेम एकावर एक रचतो, म्हणून त्यात चालणारी माणसं विरघळतात. उभ्या विषयांसाठीच ठेवा.

पाऊणचंद्र

ढीग केले. किडे-फुलपाखरांचे १४० पैकी ९१ तिसऱ्या प्रकारातले, फोकस भलतीकडेच. नाकतोडा इथे आहेत का?

नाकतोडा

हजर. हा माझा प्रांत, म्हणून लांबण लागणार. पाणी घेऊन बसा.

आधी गणित. सेन्सरवर पडलेली प्रतिमा खऱ्या किड्याएवढी असेल तर ते १:१. तिथे एफ/८ ला एपीएस-सीवर स्पष्ट पट्टा ०.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. एक मिलिमीटरसुद्धा नाही. श्वास घेतला तरी तुम्ही त्यातून बाहेर जाता. त्यामुळे ९१ हा आकडा लाज वाटण्यासारखा अजिबात नाही, या खेळात तो सगळ्यांचाच असतो. ॲपर्चर बारीक करून किती वाचाल? एफ/१६ पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळाच फोटो मऊ होऊ लागतो, आणि १:१ ला परिणामी ॲपर्चर लिहिलेल्या आकड्याच्या दुप्पट असतं: एफ/८ लावला तर तो एफ/१६ सारखा वागतो. म्हणून एफ/८ ते एफ/११, त्याहून बारीक नको.

पट्टा वाढत नाही तर किडा पट्ट्यात बसवायचा. फुलपाखराचे पंख मिटलेले असताना सेन्सर पंखांना समांतर धरा, अख्खं फुलपाखरू स्पष्ट येतं. समोरून काढायचं तर डोळे आले की पुरे, बाकी सोडून द्या.

ऑटोफोकस बंद. लेन्सची रिंग हव्या त्या मोठेपणावर ठेवा आणि नंतर तिला हात लावू नका. स्वतः पुढे-मागे झुला, डोळा चमकला की दाबा. ओळीने पाच-सहा फ्रेम घ्या. त्यातली एक लागते.

साधनं. मॅक्रो लेन्स नसेल तर तीन वाटा आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ नळी, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसते. हिशोब सोपा: नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ. ५० एमएमवर ३६ एमएमची नळी लावली की ०.७२ पट, शिवाय लेन्सचं स्वतःचं थोडं. साधारण ३ सेंटिमीटर रुंदीचा भाग फ्रेमभर येतो. विद्युत संपर्क असलेलीच नळी घ्या. बिनसंपर्काच्या नळीवर कॅमेरा ॲपर्चर चालवू शकत नाही. काही कंपन्यांच्या लेन्स मग पूर्ण उघड्या राहतात, काहींच्या पूर्ण मिटतात. दुसरी वाट क्लोजअप लेन्स, पुढे फिल्टरसारखी फिरवून लावायची. +४ डायॉप्टर म्हणजे अनंतावर फोकस ठेवून २५ सेंटिमीटर अंतर, +८ म्हणजे साडेबारा. ५५-२५० किंवा ७०-३०० सारख्या लांब लेन्सवर ही फार छान चालते, फक्त दोन काचा चिकटवलेली घ्या. एकाच काचेच्या लेन्सने कडांना जांभळी-हिरवी झालर येते. तिसरी वाट लेन्स उलटी लावायची. स्वस्त आहे, पण लेन्सचं मागचं तोंड उघडं पडतं आणि अंतर इतकं कमी उरतं की किडा उडून जातो. सुरुवातीला नकोच.

उजेड. पहाटेच्या किंवा सावलीतल्या नुसत्या उजेडात एफ/११ आणि १/२५० एकत्र जमवायचं तर आयएसओ फार चढतो. म्हणून फ्लॅश. मॅन्युअल मोड, १/१६० किंवा १/२००, एफ/११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश १/१६ ताकदीवर. इतक्या कमी ताकदीत झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो, तोच हालचाल गोठवतो. १/२५० च्या पुढे मात्र जाऊ नका, बहुतेक कॅमेऱ्यांवर फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो, कारण तेवढ्या वेगाला सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतोच.

उघडा फ्लॅश भुंग्याच्या पाठीवर पांढरा चट्टा पाडतो. त्याच्यापुढे दुधी प्लॅस्टिकचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा हवा, आणि तो किड्याच्या जितका जवळ तितका प्रकाश मऊ. ए४ कागदाएवढा पडदा किड्यापासून १० सेंटिमीटरवर असेल तर किड्याच्या दृष्टीने ते ढगाळ आकाशच झालं. मागे सगळं काळंकुट्ट येत असेल तर फ्लॅशचा प्रकाश तिथवर पोचत नाही; किड्यामागे वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन घ्या, किंवा आयएसओ ८०० करून फ्लॅश त्या प्रमाणात कमी करा.

पहाटे जा. गारव्यात किडे सुस्त असतात, ऊन चढलं की हाती लागत नाहीत. किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवायची 'युक्ती' कुणी सांगितली तर त्याचं ऐकू नका. किडा मरतो किंवा अर्धमेला होतो, आणि फोटोत त्याचे आखडलेले पाय जाणकाराला लगेच दिसतात.

पाऊणचंद्र

हे छापून भिंतीवर लावतो. आणि लेन्स घ्यायचा बेत रद्द, नळ्या आणि फ्लॅश बघतो.

कवडसा

माझ्या बघण्यात माणसांचा ढीग सगळ्यांकडे मोठा असतो आणि त्यात धूसर कमी, नीरस जास्त असतात. कारण छताचा दिवा. डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि कातडी पिवळी दिसते.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. हे आधी. बल्ब २७०० ते ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका नारिंगी, मोठा तितका निळा), खिडकीतला दिवसाचा प्रकाश ५५०० च्या आसपास, सावलीतला ७००० च्या वर. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) कुठेही ठेवा, एक गाल नारिंगी नाहीतर दुसरा निळा.

थेट ऊन न येणारी खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पातळ पांढरा कपडा ताणून लावा. माणसाला खिडकीपासून मीटरभर अंतरावर, खिडकी त्याच्या एका बाजूला पण किंचित पुढे राहील असं बसवा. डोळ्यात खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर चेहरा थोडा खिडकीकडे वळवा, कॅमेरा नको. सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला अर्ध्या मीटरवर पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोल धरा. चेहरा सपाट वाटला तर त्याच जागी काळा कपडा. इतका साधा फरक, पण पुठ्ठा २० सेंटिमीटर पुढे-मागे केला तरी चेहरा बदलतो.

खिडकीपासून लांब नेलं की प्रकाश झपाट्याने कमी होतो. लहान खिडकी असेल तर अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश जवळजवळ चौथाई उरतो. मोठ्या खिडकीचा उतार सौम्य असतो. याचाच फायदा असा की माणूस खिडकीजवळ आणि मागची भिंत लांब असेल तर भिंत आपोआप काळोखात जाते, पसारा लपतो.

एफ/२.८ ते एफ/४, १/१६०, ऑटो आयएसओ. मागे अंधार असल्याने -०.७ द्या. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला; लहान मुलांसाठी म्हणजे जमिनीवर बसून.

जुनी_रीळ

वर कुणीतरी (मीच) कुबड्या म्हटलं होतं, तर सरावाची एक गोष्ट सांगतो जी डिजिटलवाल्यांनाही चालेल. व्हिव्हियन मायर या बाई शिकागोत मुलं सांभाळायचं काम करत आणि रस्त्यावर फोटो काढत. त्यांच्या सामानाचा २००७ मध्ये लिलाव झाला तेव्हा कुठे हे काम उजेडात आलं. २००९ मध्ये त्या गेल्या. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह निघाल्या, कित्येक रोल तर धुतलेलेच नव्हते. त्या बराच काळ रोलीफ्लेक्स वापरत. त्याच्या रोलवर चौकोनी १२ फ्रेम येतात, आणि कॅमेरा छातीशी धरून वरून खाली बघायचं असतं.

सराव हाच: कार्ड कितीही मोठं असो, एका फेरीत १२ फ्रेम. मागचा पडदा बंद. लेन्स ३५ वर ठेवून झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा (एपीएस-सीवर ती साधारण ५२ एमएमसारखी दिसते). तेराव्या फ्रेमची सोय नसली की फ्रेमच्या चार कडा आपोआप तपासल्या जातात. किड्यांना आणि पक्ष्यांना हा सराव लावू नका, तिथे नाकतोड्यांचं खरं.

गल्लीबोळ

जुना वापरलेला कॅमेरा-लेन्स घेताना काय बघायचं? थोडक्यात सांगा.

तिपाई

लेन्स: दोन्ही टोपणं काढा, मागून टॉर्च तिरका टाका, पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण चालतात. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नको.

बॉडी: शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं) विचारा आणि एक्झिफमधून स्वतः ताडून बघा (सगळ्या कंपन्या तो फोटोत लिहीत नाहीत). सगळी बटणं, सगळी चाकं, फ्लॅशची खाच, कार्डाचं दार. कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना बघा. बॅटरी फुगलेली असेल तर ती खोबणीत अडकते.

घरी आणल्यावर दमट हवेत कापडी बॅगेत कोंडून ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.

उंबरठा

रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेली) विचारायच्या आत: दोन्ही एकदम साठवा. जेपेग बघायला, रॉ सावरायला. आणि प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कार्ड रिकामं करताना संगणकातून फाइली खोडण्यापेक्षा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, दुसरी प्रत झाल्यावर.

काजवा

ढीग उपसून झाल्यावर निवडलेले दहा-बारा छापून बघा. पडद्यावर न दिसणाऱ्या चुका कागदावर दिसतात. ३०० पिक्सेल प्रति इंच धरून ८×१२ इंचाला २४००×३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे ९ मेगापिक्सेलही नाहीत. ८×१० मागितलात तर लांबीतले दोन इंच कापले जातील, आधीच स्वतः क्रॉप करा. प्रिंट काळी आली तर बहुतेक वेळा पडदा फार उजळ ठेवलेला असतो, छापणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी तो उतरवा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत द्या.

पाऊणचंद्र

छापले. तीन वेगळ्या फोटोंत आभाळात त्याच जागी करडा ठिपका आहे. लेन्स पुसली, गेला नाही.

तिपाई

सेन्सरवरची धूळ. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण असा ठिपका पाडत नाही. खात्री करा: एफ/१६, फोकस मॅन्युअलवर आणि मुद्दाम बिघडवलेला, मोकळं आभाळ किंवा पांढरी भिंत, हलवत फोटो काढा. ठिपका जागचा हलला नाही तर सेन्सरच. एफ/४ ला तो विरून दिसेनासा होतो, म्हणून इतके दिवस कळला नाही.

आधी मेनूतलं सेन्सर क्लीनिंग दोन-तीनदा चालवा. नाही गेला तर बॅटरी पूर्ण भरलेली, लेन्स काढलेली, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, आणि रबरी ब्लोअरने चार-पाच फुंकरी. ब्लोअरचं टोक आत घालू नका. आरशाचा कॅमेरा असेल तर मेनूतून आरसा वर उचलायला सांगा, आधी. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट. दाबलेल्या हवेचा कॅन तर नकोच, त्यातून कधी द्रव उडतो.

तरी राहिला तर तो चिकटलेला कण. सेन्सरच्या उंचीएवढा स्वॅब (पुसायची सपाट पट्टी) लागेल (एपीएस-सीला १६ एमएम, फुल फ्रेमला २४), त्यावर सेन्सरसाठीच्या द्रवाचे दोनच थेंब, एका दिशेला एक हात, उलटवून परत एक हात, आणि स्वॅब टाकून द्या. नंतर पुन्हा एफ/१६ चा फोटो काढून इथे टाका. ध्यानात असू द्या, सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. फोटोत ठिपका वर आहे, म्हणजे कण सेन्सरच्या खालच्या भागात आहे.